पिकअपचा कंप आणि त्याचे निदान

प्रवरा नदीच्या काठी वसलेले कोल्हार हे अहिल्यानगर जिल्ह्यातील नगर-मनमाड महामार्गावरचे गाव असून, लोणी, संगमनेर आणि अकोले या मार्गाने सह्याद्रीच्या कुशीतून घोटीकडे जाणारा कोल्हार-घोटी राज्यमार्गही येथूनच सुरू होतो. भगवतीमातेच्या देवस्थानामुळे कोल्हार-भगवतीपूर या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात ऊस, कांदा, भाजीपाला, चारा आणि दूध यांची ने-आण सतत चालू असते आणि त्यातील लहान खेपांचा मोठा भार पिकअप या वाहनावर पडतो. खड्ड्यांबद्दलच्या तक्रारींमुळे वर्षानुवर्षे चर्चेत राहिलेला सपाट महामार्ग आणि अकोल्यापुढचे चढ-उतार असे दोन भिन्न प्रकारचे रस्ते या वाहनांच्या वाट्याला येतात; त्यामुळे दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या पिकअपमध्ये कंप, घरघर किंवा खडखड निर्माण होणे ही येथील गॅरेजांमधील नित्याची तक्रार ठरते. या तक्रारीचे निदान हे एक शास्त्रशुद्ध कौशल्य आहे आणि सुटे भाग बदलणे ही त्याची पहिली नव्हे, तर शेवटची पायरी आहे.

ग्रामीण महाराष्ट्रातील पिकअपची रचना समजून घेण्यासाठी जीपपर्यंत मागे जावे लागते. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा समूहाने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे २००० साली बाजारात आलेल्या बोलेरोच्या नावाने जो पिकअप खेडोपाडी पोहोचला, त्यातही समोर उभे बसवलेले इंजिन, त्यामागे क्लच व गिअर बॉक्स आणि तेथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट हीच मांडणी कायम राहिली. इंजिनची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या या साखळीला शक्तिवहन यंत्रणा म्हणता येईल. गिअर बॉक्सपासून मागे जाणारी पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. तिच्या टोकांना असलेले, वाकलेल्या कोनातूनही फिरती गती पुढे देणारे सांधे म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, ज्यांना गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. आणि मागच्या धुऱ्यावरील हाउसिंगमध्ये गतीची दिशा काटकोनात वळवणारी दातेरी जोडी म्हणजे क्राउन-पिनियन.

लांब चॅसिसच्या पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांत करून मध्ये रबरी वेष्टणातील सेंटर बेअरिंगवर टेकवलेला असतो, आणि त्यामागे ठोस कारण आहे. प्रत्येक फिरत्या नळीला वेगाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की नळी मधोमध धनुष्यासारखी वाकून झोके घेऊ लागते. जाडी तीच ठेवून नळीची लांबी दुप्पट केली, तर ही मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून एका लांब शाफ्टऐवजी दोन आखूड शाफ्ट वापरणे सुरक्षित ठरते. परंतु त्याबरोबर सांध्यांची संख्या वाढते आणि झिजणाऱ्या जागाही वाढतात.

क्रॉस हा या यंत्रणेतील जुना आणि सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जेरोलामो कार्दानो यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते, इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मोटारगाडीसाठीच्या त्याच्या सुधारित रूपाचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ मध्ये मिळाले. या सांध्याचा अंगभूत दोष असा की, तो कोनात वाकलेला असताना एका बाजूची गती एकसारखी असली, तरी दुसऱ्या बाजूची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन ३ अंश असेल तर हा चढ-उतार सुमारे ०.१४ टक्के इतका नगण्य असतो. कोन १० अंश झाला की तो दीड टक्क्यापर्यंत जातो, म्हणजे कोन तिपटीहून थोडा अधिक झाला, तर चढ-उतार सुमारे अकरा पट होतो. एका सांध्याचा हा दोष दुसऱ्या सांध्याने पुसून टाकावा, हा उपाय रचनेतच योजलेला असतो. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात असावेत आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत.

या दोन्ही अटी प्रत्यक्ष वापरात सहज मोडतात. शाफ्टच्या मध्ये लांबी कमी-जास्त होऊ देणारा खाचांचा सरकता जोड असतो. दुरुस्तीच्या वेळी तो खूण न करता सोडला आणि एक-दोन खाचा सरकवून पुन्हा बसवला, तर काट्यांचे प्रतल बिघडते आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी पूर्वीपेक्षा अधिक थरथरते. कोन बिघडण्याचे कारण बहुधा मालवाहतुकीच्या गणितात असते. क्षमतेपेक्षा जास्त माल सोसावा म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा घालण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच राहते, शाफ्टचा कोन वाढतो, आणि पाटा बसवताना धुऱ्याचा कल बदलला असेल तर पुढच्या व मागच्या सांध्यांचे कोन असमान होतात. भरलेली असताना शांत चालणारी गाडी रिकामी परतताना थरथरत असेल, तर पहिला संशय या कोनांवर घ्यावा.

निदानाचा पाया फेऱ्यांच्या हिशेबात आहे. उदाहरणादाखल चाकाचा घेर २.२ मीटर आणि क्राउन-पिनियनचे प्रमाण चारास एक मानले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे घेते आणि प्रोपेलर शाफ्ट सुमारे ३०. या वेगाला सेकंदाला सात-आठ हेलकावे बसत असतील तर दोष टायर, रिम किंवा हबमध्ये असतो; ३० कंप होत असतील तर शाफ्टचे संतुलन गेलेले असते; ६० होत असतील तर क्रॉसचा कोन किंवा काट्यांची जुळणी बिघडलेली असते; आणि पिनियनला दहा दाते असतील तर सेकंदाला ३०० कंपांचा स्पष्ट गुंजारव दातांच्या घर्षणातून येतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया किंवा अहिल्यानगर शहरालगतच्या वाहननगरमधील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांच्याकडे कंप मोजण्याची आधुनिक साधने असतात. मात्र कंपांची संख्या फिरत्या भागाच्या फेऱ्यांशी ताडून पाहण्याचे तत्त्व सर्वत्र तेच आहे आणि मोबाइलमधील कंपमापक ॲपही त्याचा ढोबळ अंदाज देऊ शकते.

हिशेबात एक सापळा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात आणि गती जशीच्या तशी पुढे देणाऱ्या थेट गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट समान वेगाने फिरतात, म्हणून सेकंदाला ६० कंप इंजिनचेही असू शकतात आणि क्रॉसचेही. यासाठी तोच वेग कायम ठेवून एक गिअर खाली घ्यावा. कंपांची संख्या तीच राहिली तर दोष गिअर बॉक्सच्या मागे आहे, आणि ती इंजिनबरोबर वाढली तर इंजिन, त्याचे रबरी माउंटिंग, क्लच किंवा सायलेन्सरचा पाइप तपासावा. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनचे फेरे तितकेच वाढवले असता तोच कंप आला, तर ही शंका पक्की होते. उभ्या गाडीत क्लच दाबताच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असतो. क्लच दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. उठताना अर्ध्या क्लचवर होणारी थरथर क्लच पूर्ण सुटताच संपली तर प्लेटवर तेल आले आहे किंवा प्लेट झिजली आहे असे मानावे. क्लच सुटल्यानंतरही ती टिकत असेल आणि गाडी भरलेली असेल, तर सेंटर बेअरिंगचे रबर व क्रॉसचे कोन पाहावेत.

भार बदलून घेतलेली चाचणी मागच्या हाउसिंगची परीक्षा करते. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना क्राउनच्या दातांची एक बाजू काम करते आणि उतारावर पाय काढल्यावर दुसरी. म्हणून अकोल्याच्या पुढच्या घाटवळणांवर फक्त चढताना किंवा फक्त उतरताना घुमणारी गाडी दातांच्या झिजेकडे अथवा चुकीच्या बसवणीकडे बोट दाखवते. दोन्ही वेळा सारखाच घुमणारा आवाज पिनियन बेअरिंगचा किंवा टायरचा असू शकतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच पोत बदलणारा आवाज टायरचा असतो. वळणावर एका बाजूला भार गेल्यावर वाढणारा आणि दुसऱ्या बाजूला कमी होणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो. पाय दाबताना-सोडताना येणारा एकच ‘टक’ हा क्रॉसमधील किंवा क्राउन-पिनियनमधील वाढलेल्या खेळाचा, म्हणजे सैलपणाचा, पुरावा आहे.

रस्त्यावरील चाचणीनंतर गाडीखालची तपासणी येते. चाकांना दोन्ही बाजूंनी पक्के ठोकळे लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने हलवल्यास क्रॉसचा सैलपणा जाणवतो. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुईसारख्या बारीक बेअरिंगमधील ग्रीस संपून गंज चढला आहे, आणि संथ वेगाला येणारी कुईकुई हीच बाब सांगते. नळीला चिकटलेला वाळलेला चिखल, खड्ड्यात आपटून पडलेला पोचा किंवा निखळलेली वजनाची पट्टी यांपैकी काहीही संतुलन बिघडवू शकते, म्हणून शाफ्ट काढण्याआधी तो धुऊन पाहणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती ठरते. शाफ्टवर जुबली क्लिप आवळून आणि तिचे डोके निरनिराळ्या बाजूंना फिरवून कंप कमी होतो का, हे पाहण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे. मात्र फिरत्या शाफ्टखाली कोणीही जाऊ नये. हाउसिंगचे तेल काढल्यावर चुंबकाला लागलेली करडी, मऊ राख ही वयाची खूण असते. धातूचे चकचकीत कपचे निघाले तर हाउसिंग उघडावेच लागते, आणि अशा वेळी क्राउन व पिनियन एकत्र घासून जुळलेली जोडी असल्यामुळे ती जोडीनेच बदलावी लागते.

या सर्व परीक्षांचा क्रम खर्चाच्या दृष्टीनेही योग्य आहे, कारण टायर पुढे-मागे बदलणे, शाफ्ट धुणे आणि ग्रीस भरणे यांना जवळपास काही लागत नाही, तर हाउसिंग उघडण्याची चूक एका हंगामाच्या भाड्याइतकी महाग पडू शकते. म्हणून पिकअपच्या मालकाने गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: कंप कोणत्या वेगाला येतो, कोणत्या गिअरला येतो, पाय दाबताना येतो की सोडताना, आणि गाडी भरलेली असताना येतो की रिकामी. मेस्त्रीनेही दोन स्वतंत्र चाचण्या एकाच भागाकडे निर्देश करेपर्यंत पान्याला हात लावू नये आणि शाफ्ट सोडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर रंगाची खूण अवश्य करावी.