बटू दीर्घिकांच्या जन्मकथा

कन्या राशीच्या दिशेने, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, कन्या दीर्घिकागुच्छ आहे. या भागातील २०९६ दीर्घिकांची सूची बिंगेली, सँडेज आणि टामान यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. गुच्छात सर्वाधिक भरणा बटू लंबगोल दीर्घिकांचा आहे. त्या फिकट असतात. त्यांच्यात वायू जवळजवळ उरलेला नसतो आणि नवे तारेही सहसा जन्मत नाहीत.

त्या आल्या कुठून, याचा माग त्यांच्या परिवलनावरून काढता येतो. दीर्घिका स्वतःभोवती फिरत असेल, तर जवळ येणाऱ्या बाजूच्या वर्णपटरेषा निळ्या टोकाकडे आणि दूर जाणाऱ्या बाजूच्या तांबड्या टोकाकडे सरकतात. ताऱ्यांची गती दिशाहीन असेल, तर रेषा नुसत्याच रुंदावतात. मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी हवाईतील केक दुर्बिणीने कन्या गुच्छातील १७ बटू दीर्घिका तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी चारच आपल्या चपटेपणाला साजेशा वेगाने फिरत होत्या. उरलेल्यांत परिवलन आढळले नाही. दिसायला मात्र दोन्ही गट सारखेच होते.

या फरकाचा उलगडा गुच्छातील परिस्थितीत शोधावा लागतो. तिथे दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू पसरलेला आहे. बाहेरून वेगाने आत शिरणाऱ्या तबकडीच्या आकाराच्या दीर्घिकेवर, धावत्या दुचाकीस्वाराला समोरून वारा लागावा तसा, या वायूचा दाब येतो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये मांडल्याप्रमाणे हा दाब दीर्घिकेतला वायू हुसकावून लावतो. ताऱ्यांना तो हलवत नाही. त्यामुळे मूळ तबकडीचे परिवलन टिकते. दुसरी प्रक्रिया मूर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुचवली. मोठ्या दीर्घिकांजवळून वारंवार वेगाने जाताना गुरुत्वाकर्षणाचे हिसके बसतात, तबकडी फुगते आणि शिस्तबद्ध परिवलन मंदावते. तिसरी शक्यता अशी, की काही बटू दीर्घिका गुच्छाबरोबरच घडल्या आणि फारशा कधी फिरल्याच नाहीत.

पुरावे एकाच बाजूला झुकत नाहीत. आयसी ३३२८ या बटू दीर्घिकेत येर्येन आणि सहकाऱ्यांना २००० मध्ये पुसट सर्पिल भुजा आढळल्या. हे तबकडीचेच अवशेष म्हणावे लागतात. एलिसा तोलोबा आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये असे दिसले, की वेगाने फिरणाऱ्या बटू दीर्घिका प्रामुख्याने गुच्छाच्या बाहेरच्या भागात असून त्यांतील तारे तुलनेने तरुण आहेत. म्हणजे त्या गुच्छात अलीकडे आल्या असाव्यात. तेव्हा बटू लंबगोल दीर्घिका हा दिसण्यापुरता एक वर्ग असला, तरी त्याचा उगम एक नाही.