'नेटवर्क बिझी'मागील गणित

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये सात बॉम्बस्फोट झाले आणि पाहता पाहता मुंबईतील मोबाइल फोन लागेनासे झाले. घरचा माणूस सुखरूप आहे ना, एवढेच विचारण्यासाठी असंख्य मुंबईकर एकाच वेळी क्रमांक फिरवीत होते. टॉवर कोसळले नव्हते. कमी पडले ते रेडिओ चॅनेल.

मोबाइल कंपनीला रेडिओलहरींचा ठरावीक पट्टाच मिळतो. तो प्रत्येक दिशेला ६.२ मेगाहर्ट्झ असेल, तर जीएसएम तंत्रात त्याचे २०० किलोहर्ट्झचे ३१ वाहक होतात व प्रत्येक वाहकावर आठ संभाषणे चालतात. एवढ्यावर महानगराचे कसे भागावे? त्यासाठी १९४७ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये मांडली गेलेली युक्ती वापरली जाते. शहराचे छोटे 'सेल' पाडायचे आणि तीच फ्रिक्वेन्सी दूरच्या सेलमध्ये पुन्हा वापरायची. शेजारी मात्र ती चालत नाही, संभाषणे एकमेकांत अडथळा आणतात. चार केंद्रांत वाटणी केली, तर एकाच्या वाट्याला जेमतेम पन्नास-साठ संभाषणे येतात. आवाजाचा दर्जा उतरवून ही संख्या वाढविता येते, हा भाग वेगळा.

ही वाटणी कायमची असेल तर अडचण होते. दुपारी नरिमन पॉइंटला चॅनेल पुरत नाहीत, तेव्हा उपनगरांतील निवासी वस्तीत ते पडून असतात, रात्री उलटे. म्हणूनच गरजेनुसार वाटप करण्याची पद्धत पुढे आली. तीत एखादा सेल शेजाऱ्याकडून चॅनेल उसना घेतो किंवा सर्वांच्या सामाईक साठ्यातून उचलतो. पण ही उसनवारी फुकट नसते. उसना घेतलेला चॅनेल आसपासच्या अनेक सेलमध्ये तेवढा वेळ बंद ठेवावा लागतो. त्यामुळे गर्दी एका ठिकाणी असेल तोवर ही पद्धत सरस ठरते; सगळीकडेच गर्दी उसळली की जुनी ठरीव वाटणीच अधिक कॉल सामावून घेते. ११ जुलैसारख्या दिवशी उसने देणार कोण?

धावत्या लोकलमधील प्रवाशाचा कॉल एका सेलमधून दुसऱ्यात जातो. पुढे जागा नसेल तर तो तुटतो. कॉल न लागण्यापेक्षा मध्येच तुटणे अधिक संतापजनक, म्हणून अशा कॉलसाठी काही चॅनेल राखून ठेवता येतात. अर्थात, तेवढे नव्या कॉलना कमी मिळतात.

फोर-जी तंत्रात प्रत्येक सेल सहसा संपूर्ण पट्टाच वापरतो आणि १८० किलोहर्ट्झच्या तुकड्यांचे वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने होते. सेलच्या कडेवरील ग्राहकाला शेजारच्या टॉवरचा उपद्रव होऊ नये म्हणून केंद्रे परस्परांना आपला वापर कळवितात. तरीही पट्टा मर्यादितच राहतो. आणीबाणीसाठी वेगळी तरतूद आहे. प्रत्येक सिम कार्डावर ० ते ९ पैकी एक प्रवेशवर्ग नोंदलेला असतो, तर सुरक्षा दले व आपत्कालीन सेवांसाठी स्वतंत्र वर्ग राखलेले आहेत. भार असह्य झाला की कंपनी सामान्य वर्गांना आळीपाळीने थोपवून त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवू शकते.