रिपोर्टात ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणजे काय?

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारे पेशंट एकाच रांगेत उभे असतात. हातात मिळणारा रिपोर्ट मात्र इंग्रजीत. वस्तीतली मंडळी असे कागद घेऊन संध्याकाळी आमच्याकडे येतात. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकून. पण शब्दाचा अर्थ तरी सांगू शकतो.

सर्वांत जास्त घोटाळा ‘पॉझिटिव्ह’ने घातला आहे. एरवी पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. रिपोर्टात त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधत होते ते सापडले. विड्या वळणाऱ्या एका ताईंनी नवऱ्याच्या थुंकीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आनंदाने घडी घालून डब्यात ठेवला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते! आठ दिवस गोळ्या सुरू झाल्या नाहीत, आणि त्याच खोलीत लहान लेकरे. रक्तगटातला ‘ओ पॉझिटिव्ह’ मात्र निराळा. तिथे रोगाचा संबंध नाही. तांबड्या पेशींवर आरएच नावाचा घटक आहे, इतकेच.

याहून फसवा शब्द ‘रेझिस्टन्स’. लोकांना वाटते, आपली प्रतिकारशक्ती वाढली. क्षयाच्या रिपोर्टात ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स’ सापडला असे असेल, तर प्रतिकार जंतू करतो आहे, रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देत नाही. मग औषधेच बदलावी लागतात. ‘सेन्सिटिव्ह’ असेल तर औषध लागू पडण्यासारखे आहे.

‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेला आणि ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चाललेला आजार. नुसत्या या शब्दांवरून घाबरू नये. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ कानाला सारखेच. पण थायरॉईडमध्ये एकात ग्रंथीचे काम कमी, दुसऱ्यात जास्त, आणि उपचार अगदी उलटे. हा शब्द तोंडी सांगू नये, कागदच दाखवावा.

चिठ्ठीवरची अक्षरे तर इंग्रजीही नाहीत, लॅटिन आहेत. आम्हा कॉमर्सवाल्यांना ‘टीडीएस’ म्हणजे कापलेला आयकर. डॉक्टरांचा टीडीएस म्हणजे दिवसातून तीन वेळा. ‘बीडी’ दोन वेळा (आपल्या विडीशी संबंध नाही), ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज पडली तरच. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने 2016 साली केला. तेव्हा अक्षर लागत नसेल तर पुन्हा लिहून मागायला लाजू नये.

केमिस्टकडून प्रत्येक पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असे मराठीत लिहून घ्यावे. आमच्या शेजारच्या आजींना वाचता येत नाही. त्यांची नात पाकिटावर पेनने सूर्य आणि चांदणी काढून देते.