हायडेलबर्ग प्रकल्प

हायडेलबर्ग प्रकल्प हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात टाकाऊ वस्तूंपासून उभारलेला खुला कलापरिसर आहे. तो शहराच्या पूर्व भागातील मॅकडूगल-हंट या वस्तीत, हायडेलबर्ग नावाच्या रस्त्यालगत आहे. चित्रकार व शिल्पकार टायरी गायटन (जन्म : २४ ऑगस्ट १९५५) यांनी इ.स. १९८६ मध्ये त्याची सुरुवात केली. ओसाड घरे, मोकळे भूखंड, झाडे आणि पदपथ यांवर फेकून दिलेल्या वस्तूंची मांडणी करून हा परिसर घडवण्यात आला. सामुदायिक कलेचे उदाहरण म्हणून तो अनेक देशांत ओळखला जातो. तो कला आहे की कचरा, या वादातून महानगरपालिकेने १९९१ आणि १९९९ मध्ये त्याचे मोठे भाग पाडले.

== पार्श्वभूमी ==

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डेट्रॉइट हे मोटार उद्योगाचे प्रमुख केंद्र होते. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १८.५ लाख होती. पुढे कारखाने बंद पडले किंवा अन्यत्र गेले, आणि श्वेतवर्णीय मध्यमवर्ग मोठ्या संख्येने उपनगरांत स्थलांतरित झाला. जुलै १९६७ मधील दंगलीत ४३ जणांचा मृत्यू झाला व अनेक इमारती जळाल्या. त्यानंतर स्थलांतराचा वेग वाढला. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७.१४ लाखांवर आली होती. घरे रिकामी पडली, पण पाडली गेली नाहीत. अशा घरांत अमली पदार्थांचा व्यापार व इतर गुन्हे वाढले, आणि मोकळ्या भूखंडांवर कचरा टाकला जाऊ लागला.

गायटन यांचे बालपण हायडेलबर्ग रस्त्यावरच गेले. सैन्यातील सेवेनंतर त्यांनी डेट्रॉइटमध्येच कलेचे शिक्षण घेतले. वस्तीची दुरवस्था पाहून त्यांनी आजोबा सॅम मॅकी आणि तेव्हाच्या पत्नी करेन यांच्यासह रस्त्याची साफसफाई सुरू केली. गोळा केलेला कचरा दूर नेऊन टाकण्याऐवजी त्यांनी तोच कलेचे साहित्य म्हणून वापरला. मॅकी हे घरे रंगवण्याचे काम करीत. नातवाच्या हाती लहानपणी पहिला कुंचला त्यांनीच दिला होता. १९९२ मध्ये मॅकी यांचे निधन झाले.

== साहित्य व रचना ==

प्रकल्पातील जवळपास सर्व वस्तू घरगुती वापरातून बाद झालेल्या आहेत. बाहुल्या, मऊ खेळणी, जोडे, दूरचित्रवाणी संच, व्हॅक्यूम क्लीनर, घड्याळे, ध्वनिमुद्रिका, मोटारींची बॉनेटे आणि दुकानांतील ढकलगाड्या यांचा त्यांत समावेश होतो. या वस्तू घरांच्या बाह्य भिंतींवर ठोकलेल्या, झाडांना टांगलेल्या किंवा जमिनीवर रांगेने मांडलेल्या असत. प्रत्येक घराला एक विषय असे. एका घरावर बाहुल्या, दुसऱ्यावर ध्वनिमुद्रिका, तर तिसऱ्यावर खेळण्यातील प्राणी होते.

रंगीत ठिपके ही प्रकल्पाची ओळख मानली जाते. गायटन कुटुंबाचे घर अशा ठिपक्यांनी भरलेले असून ते ‘डॉटी वॉटी हाउस’ या नावाने प्रसिद्ध आहे. आजोबांना आवडणाऱ्या जेलीबीन या रंगीबेरंगी गोळ्यांवरून ठिपक्यांची कल्पना सुचल्याचे गायटन सांगतात. निरनिराळ्या रंगांच्या पण मुळात सारख्या असलेल्या या गोळ्या त्यांना माणसांच्या समानतेचे रूपक वाटतात. झाडांना टांगलेल्या जोड्यांना वेगळा संदर्भ आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवल्याच्या घटना आजोबांनी त्यांना सांगितल्या होत्या. खाली उभ्या असलेल्यांना अशा वेळी मृताच्या पायांचे तळवे तेवढे दिसत.

मांडणी उघड्यावर असल्याने ऊन, पाऊस व बर्फ यांमुळे वस्तू झिजत, पडत आणि बदलल्या जात. त्यामुळे परिसराचे रूप कायम एकसारखे राहिले नाही.

== समुदायाचा सहभाग ==

सुरुवातीच्या काळात वस्तीतील मुले वस्तू गोळा करण्यास व रंगकामास मदत करीत. पुढे ना-नफा संस्था स्थापन होऊन मुलांसाठी कलाशिक्षणाचे उपक्रम सुरू झाले. जेनेन व्हिटफील्ड यांनी या संस्थेचे दीर्घकाळ नेतृत्व केले. प्रेक्षक येऊ लागल्यावर रस्त्यावर वर्दळ वाढली. रिकाम्या घरांतील अवैध व्यवहारांना त्यामुळे आळा बसला, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

सर्व रहिवासी मात्र प्रकल्पाच्या बाजूने नव्हते. उघड्यावरील वस्तूंमुळे उंदीर वाढतात, पर्यटकांच्या गाड्यांमुळे गैरसोय होते आणि आपल्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडले जाते, अशा तक्रारी शेजाऱ्यांनी केल्या. वस्तीला दुरुस्त घरे आणि नियमित नागरी सेवा हव्या आहेत, त्यांची जागा कला घेऊ शकत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यामुळे समुदायाच्या नावाने होणाऱ्या कलेला समुदायातील किती जणांची संमती असावी, हा प्रश्न या प्रकल्पाच्या चर्चेत वारंवार येतो.

== महानगरपालिकेची कारवाई ==

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी महापौर कोलमन यंग यांच्या कारकिर्दीत प्रकल्पातील चार घरे पाडण्यात आली. यंग हे डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर होते. त्यामुळे हा वाद केवळ वांशिक स्वरूपाचा ठरत नाही. शहरात हजारो ओसाड घरे तशीच उभी असताना ज्या घरांकडे कोणीतरी लक्ष दिले होते तीच पाडली गेली, अशी टीका समर्थकांनी केली.

१९९८ मध्ये पाडकामाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली. स्थगिती उठताच ४ फेब्रुवारी १९९९ रोजी, महापौर डेनिस आर्चर यांच्या काळात, दुसऱ्यांदा मोठे पाडकाम झाले. दोन्ही वेळा गायटन यांनी उरलेल्या जागेवर नव्याने मांडणी सुरू केली. २००८ मध्ये व्हेनिस येथील वास्तुकला द्वैवार्षिकीत अमेरिकेच्या दालनात या प्रकल्पाचा समावेश करण्यात आला.

== जाळपोळ ==

मे २०१३ पासून प्रकल्पातील घरांना एकापाठोपाठ आगी लागू लागल्या. त्या हेतुपुरस्सर लावल्याचे तपासात आढळले. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता. ध्वनिमुद्रिकांचे घर नोव्हेंबर २०१३ मध्ये, तर खेळण्यातील प्राण्यांचे घर मार्च २०१४ मध्ये भस्मसात झाले. जळालेल्या घरांची जोती व अवशेष यांचाही गायटन यांनी पुढील मांडणीत वापर केला.

== उत्तरकाळ ==

ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रकल्पाला तीस वर्षे झाली असताना, गायटन यांनी परिसरातील मांडणी टप्प्याटप्प्याने स्वतःच उतरवण्याचा निर्णय जाहीर केला. एका व्यक्तीच्या कलाकृतीऐवजी रहिवासी व इतर कलावंतांनी चालवलेली कलावस्ती निर्माण करणे हा त्यामागील उद्देश होता. या टप्प्याला ‘हायडेलबर्ग ३.०’ असे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या समकालीन कला संग्रहालयात प्रकल्पाच्या तीस वर्षांवर आधारित प्रदर्शन भरले. पूर्वी पालिकेने भंगार म्हणून हटवलेल्या वस्तूंसारख्याच वस्तू तेथे संग्रहालयाच्या दालनात मांडण्यात आल्या. ठिपक्यांच्या घरासह मूळ मांडणीचा काही भाग त्यानंतरही हायडेलबर्ग रस्त्यावर टिकून राहिला.