मन मोकळे करा, पण कुठे?

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी असलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे (इ. स. १२७०-१३५०) जन्मगाव म्हणून ओळखले जाते. आषाढी वारी आटोपली की आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, येथे वारकऱ्यांची मोठी गर्दी होते. नामदेवांच्या गाथेत विठ्ठलाची भक्ती आहे, तशीच आई गोणाई आणि पत्नी राजाई यांची गाऱ्हाणीही आहेत. स्वतःच्या घरातले, मनातले असे उघडपणे सांगणारे ते मराठीतले अगदी सुरुवातीचे कवी.

आज अशी सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. कुणी ब्लॉगवर आजारपणाची हकिकत लिहितो, कुणी फेसबुकवर आईच्या आठवणी, तर कुणी व्हॉट्सॲपच्या गटात दिवसभराचा शीण हलका करतो. याने मनाला खरेच बरे वाटते का? संशोधन सांगते की, उत्तर आपण मोबाइलवर नेमके काय करतो यावर बरेचसे अवलंबून आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील सर्वांत दुखऱ्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. काहींना मात्र साध्या, किरकोळ विषयांवर लिहायला दिले. दुःखाविषयी लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच बरे वाटले नाही, उलट मन जड झाले. मात्र ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांच्या पुढील काही महिन्यांतील दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या.

पुढील अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येते’ असे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक फायदा झाला. केवळ संताप ओकण्यापेक्षा घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे उपयोगी पडते, असा याचा अर्थ. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सरासरी लाभ खरा, पण लहान असल्याचे आढळले. लिखाण हे औषधोपचारांना पर्याय नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

समाजमाध्यमावर मात्र या लिखाणात एक नवा घटक शिरतो, तो म्हणजे पाहणारा. वहीत लिहिताना कुणी अंगठा दाखवत नाही. पोस्ट टाकली की दर पाच मिनिटांनी किती ‘लाइक’ आले हे पाहिले जाते, आणि मन मोकळे होण्याऐवजी तिथेच अडकते. त्याहून अधिक वेळ तर इतरांचे सण, सहली, गाड्या आणि मुलांचे गुण न्याहाळण्यात जातो. तुलना नकळत होते. रात्री उशिरापर्यंत हे चालले की झोपेचेही खोबरे होते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर रोज प्रत्येकी १० मिनिटांवर आणला. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे नेहमीप्रमाणे वापर करणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाली. विशेष म्हणजे अस्वस्थता दोन्ही गटांत घटली. दोन्ही गट आपल्या वापराची नोंद ठेवत होते. तेव्हा आपण किती वेळ घालवतो याकडे नुसते लक्ष देण्याचाही उपयोग होत असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

पण एकट्याने मोबाइल बाजूला ठेवणे अवघड जाते. घरातले बाकीचे स्क्रीनमध्ये डोके घालून बसले असतील, तर बोलायचे कुणाशी? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये यावर गावकीचा उपाय काढला. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना. तेव्हा ग्रामसभेत निर्णय झाला. संध्याकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांचा अभ्यास, मोठ्यांचे वाचन आणि आपसातल्या गप्पा. सुरुवातीला आशा व अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून लोकांना समजावत. सगळ्यांचेच मोबाइल एकाच वेळी बंद असल्याने आपले काही हुकते आहे, ही रुखरुख राहत नाही.

घरात हेच लहान प्रमाणात करता येते. जेवणाची वेळ आणि झोपण्यापूर्वीचा एक तास सगळ्यांनी मिळून मोबाइल दूर ठेवावा. मनात सलणारे काही लिहायचे असेल तर आधी वहीत लिहावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशीही ते जगाला सांगावेसे वाटले, तर जरूर टाकावे. एखाद्या मित्राची उदास पोस्ट दिसली तर अंगठा दाखवून पुढे सरकू नये, त्याला फोन लावावा.

उदासी किंवा झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर तेवढे दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते.