बोट कुठली होती?

30 डिसेंबर 1915. लंडनहून मुंबईकडे निघालेली पी अँड ओ कंपनीची ‘पर्शिया’ क्रीट बेटाच्या दक्षिणेला होती. दुपारच्या जेवणाच्या वेळी यू-38 या जर्मन पाणबुडीने काहीही इशारा न देता टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत बोट तळाला गेली. 519 पैकी 343 माणसं दगावली. त्यांतली एलेनॉर थॉर्नटन अनेकांना माहीत आहे, कारण रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरच्या परीची ती मॉडेल मानली जाते. बोटीबरोबर बुडालेल्या कपूरथळ्याच्या महाराजांच्या जवाहिरासाठी 2003 मध्ये समुद्राच्या तळापर्यंत मोहीम गेली.

पण अशा बोटींवरच्या हिंदी खलाशांचा शोध घ्यायचा तर मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जावं लागतं. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या, समुद्राखेरीज कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचं स्मारक इथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी नोंदवही आहे: नौदलाचे चारशेहून अधिक, व्यापारी जहाजांवरचे जवळपास सहा हजार. तिची दुसरी प्रत चितगावच्या युद्ध कब्रस्तानात असते.

पण नुसत्या नावावरून माणूस सापडणं कठीण. इब्राहिमचा ‘इब्राम’ किंवा ‘एब्राहिम’ होतो. कारकुनाच्या कानावर जे पडलं ते कागदावर उतरलं. फर्नांडिस आणि डिसूझा तर एकेका बोटीवर कितीतरी. हुद्दा जास्त उपयोगी पडतो. डेकवरची माणसं म्हणजे सारंग, टिंडेल, सुकाणी. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर ती बहुधा रत्नागिरी किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरची. स्टुअर्ड, बटलर बहुतेक गोव्याचे. भट्टीपाशी कोळसा ओढणारे बऱ्याचदा पंजाब-सरहद्दीकडचे. हुद्दा कळला की कुठल्या गावांत चौकशी करायची याचा अंदाज येतो.

सगळ्यांत भक्कम धागा मात्र बोटीचा. तिचं नाव मिळालं की बुडाल्याची तारीख, जागा, मारणारी पाणबुडी हे सगळं कागदोपत्री सापडतं. जर्मन बाजूच्या नोंदीही ताडून पाहता येतात. ब्रिटिश जहाजांच्या 1915 च्या खलाशी-याद्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमने जपल्या आहेत. युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत नावापुढे हुद्दा आणि बोट असते, कधी बापाचं नाव आणि गावही.

म्हणून कोकणातल्या घरात ‘आजोबा लढाईत बोटीवर गेले’ एवढंच सांगितलं जात असेल, तर म्हाताऱ्यांना आधी विचारावं: बोट कुठली होती? नावाचं स्पेलिंग नंतर जुळवता येतं.