बोनस रेषेवरचा गुडघा

भातकापणी झालेली, शेतात कबड्डीचं मैदान आखलेलं. अलिबागकडच्या त्या संध्याकाळी कॉलेजातली एक मुलगी चढाईला आली, बोनस रेषेपलीकडे डावा पाय टाकला, उजवा हवेत उचलला आणि परत वळली. तिला कोणी शिवलंही नव्हतं. तरी ती गुडघा धरून खाली बसली. जवळच्या दोघींनी ‘कट्’ आवाज ऐकला होता. कडेचे जाणते म्हणाले, “मुरगळलाय गं, उद्या चालशील.”

या ‘मुरगळलाय’ने उरणपासून श्रीवर्धनपर्यंत किती मुलींचा खेळ संपवला असेल, या विचाराने मला अस्वस्थ वाटतं. कारण बहुतेकदा तुटलेला असतो तो गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, एसीएल. नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झालाय असं समजावं.

महिलांचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदानरेषा ३ मीटरवर, बोनस रेषा त्यापुढे आणखी १ मीटर. बोनस मिळायला मागचा पाय उचललेलाच हवा. म्हणजे सगळा भार एका पायावर, आणि त्याच पायावरून उलटं फिरायचं. मांडी आत वळते, गुडघा आत झुकतो, बंध तुटतो. घोट्याची पकड बसली की पाऊल अडकतं आणि अंग फिरतं, तिथेही तेच. मातीत अनवाणी पाय जरा घसरून वाचतो, मॅटवर बूट रोवला की नाही.

हे कबड्डीपुरतंच नाही. अमेरिकेत कॉलेजच्या मुली लॅक्रोस खेळतात. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा. मुलींच्या खेळात अंगाला भिडायला मनाई. तरी धावता धावता थांबून वळताना त्यांचेही गुडघे असेच जातात. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांपेक्षा दोन ते आठ पट मानला जातो. कटीची ठेवण, संप्रेरकं यांवर वाद आहेत. पण मांडीच्या मागचे आणि नितंबाचे स्नायू कमी पडणं, उडीनंतर ताठ गुडघ्यावर उतरणं, हे सरावाने बदलतं.

ताज्या दुखापतीवर गरम तेलाने मालिश नको. बर्फ, पट्टी, पाय उंच, मग अस्थितज्ज्ञ आणि एमआरआय. नाहीतर सूज तीन आठवड्यांत उतरते, मुलगी पुन्हा मैदानात उतरते, गुडघा ‘निसटतो’ आणि आतली गादीही फाटते. ही दुसरी दुखापत टाळता आली असती, म्हणून ती जास्त लागते. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबावं लागतं, आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या घराला ते नऊ महिने फार मोठे असतात.

ही दुखापत टाळायला पैसे लागत नाहीत. रोज वीस मिनिटं. एकीने गुडघ्यांवर बसायचं, दुसरीने मागून घोटे दाबून धरायचे आणि पहिलीने पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मग एका पायावर उड्या. नीट शिकवलेल्या अशा सरावाने मुलींच्या एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यास सांगतात.

गेल्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या एका संघाचा सराव पाहिला. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर मुली जोडीजोडीने उभ्या. एक उडी मारून एका पायावर उतरायची, समोरची फक्त तिचा गुडघा बघायची.

“आत गेला. परत मार.”